क्लिफ स्टॅदर्सचा आवाज

“हात कोणी हलवले?” मी विचारलं.

फोनवर पलीकडे, लंडनमध्ये, माझा भाऊ क्लिफ एकदम गप्प झाला. एरवी त्याला गप्प करणं सोपं नाही. आमच्या हल बंदरातल्या मासेमारीच्या जहाजांवर एक माहितीपट निघाला होता आणि त्याचं निवेदन क्लिफने केलं होतं. त्यातलाच तुकडा तो मला मोठ्या झोकात ऐकवत होता. ‘जहाज दिसेनासं होईपर्यंत बायका धक्क्यावर उभ्या राहून हात हलवत.’ हे वाक्य तो रेकॉर्डसुद्धा करून आला होता.

“आयव्ही,” तो हळू आवाजात म्हणाला, “वाचून गेलो गं मी. लक्षातच आलं नाही.”

“कसं येणार? लंडनचं पाणी लागलंय ना.”

आमच्या हेसल रोडवरची, खलाशांच्या वस्तीतली, कुठलीही बाई जहाजाला हात हलवून निरोप देत नाही. हात हलवला की लाट माणसाला घेऊन जाते. जहाज सुटतं त्या दिवशी घरात कपडेही धुवायचे नाहीत. बाबा शेवटचे गेले तेव्हा आई दाराकडे पाठ करून बटाटे सोलत बसली होती. तिने सगळं पाळलं, तरी बाबा आइसलंडच्या समुद्रातून परत आले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात या गोष्टीला कुणी हसत नाही. आणि आता तिच्याच पोटचा पोरगा भर सभेत ते वाक्य तिच्या कानावर घालणार होता. माहितीपट पहिल्यांदा आमच्याच गोदी कामगारांच्या क्लबात लागायचा होता. आईची दृष्टी अलीकडे गेलेली, तिला त्यातलं फक्त ऐकूच येणार.

“मी बदलून घेतो,” क्लिफ म्हणाला. “पण तू ये ना इकडे. एकट्याने मागायला लाज वाटते मला.”

घ्या, एवढा नावाजलेला नट आणि त्याला बहीण सोबत हवी!

क्लिफचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. गोदीतली नोकरी सोडून तो नट व्हायला गेला तेव्हा आमची गल्ली महिनाभर हसली. मग त्याला पहिल्या चित्रपटात काम मिळालं, जहाजावरच्या खलाशाचं. आख्खी गल्ली नव्या टोप्या घालून थिएटरात गेली. पडद्यावर क्लिफचा चेहरा आला, घराएवढा. त्याने तोंड उघडलं, आणि आतून कुणा भलत्याच माणसाचा आवाज आला, दक्षिणेकडच्या बड्या घरातला. आमची बोली लोकांना कळणार नाही म्हणून त्यांनी परस्पर दुसऱ्याचा आवाज चिकटवला होता. क्लिफलाही सांगितलं नव्हतं. “हा कोण पाद्री बोलतोय?” असं शेजारची गर्टी मोठ्याने म्हणाली आणि सगळे खो खो हसले. आई हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “दिसायला छान दिसला हो.” बस, एवढंच.

क्लिफच्या ते जिव्हारी लागलं. पठ्ठ्याने तोच बड्या घरचा आवाज शिकून घेतला, आणि असा शिकला की पुढे लोक त्यालाच दुसऱ्यांना आवाज द्यायला बोलवू लागले. फ्रेंच नायक, इटालियन सरदार, मुलांच्या कार्यक्रमातला बोलका घोडा. एका चित्रपटात तर खुनी आणि त्याला फाशी सुनावणारा न्यायाधीश, दोघंही आमचे क्लिफच. पडद्यावर मात्र तो हवालदार नाहीतर बटलर असायचा. मी मासळीच्या कारखान्यात सुरी चालवता चालवता बायकांना सांगायचे, काल रेडिओवर जो लॉर्ड मेला ना, तो माझा भाऊ.

पण तो आवाज त्याला असा चिकटला की घरीही सुटेना. तो आला की आई मुद्दाम म्हणायची, “आयव्ही, साहेबांना चहा दे. साखर किती घेता तुम्ही?” तोही हसायचा. पण एकदा तो परसात जाऊन बराच वेळ उभा राहिलेला मी पाहिला होता.

तर मी लंडनला गेले. स्टुडिओत शिरताना माझा रेनकोट काढून ठेवायला लावला, सळसळतो म्हणून. विणकामही बाहेर. क्लिफने बूट काढले, मऊ जुनी जर्सी चढवली आणि सफरचंदाचा तुकडा चावला. त्याने तोंड कोरडं पडत नाही म्हणे. दिग्दर्शक पेलहॅम माणूस वाईट नव्हता, नुसता वैतागलेला होता.

“मिस्टर स्टॅदर्स, वाक्य चांगलं आहे. कुणाला काय कळतंय?”

“पहिल्या रांगेत माझी आई बसणार आहे,” क्लिफ म्हणाला.

पेलहॅमने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स मांडीवर घेऊन ठाम बसले होते. “बरं, एकदाच,” तो म्हणाला. “पण त्याऐवजी काय म्हणणार?”

ते क्लिफलाही ठाऊक नव्हतं. तो काचेपलीकडे माइकपाशी गेला आणि तिथून त्याने विचारलं, “आयव्ही, त्या दिवशी आई काय करत होती गं?”

“बटाटे सोलत होती. तू टेबलाखाली बसला होतास. तिने बाबांकडे वळूनही पाहिलं नाही.”

“हो,” तो म्हणाला. “सगळे सोलले तिने. पोतं रिकामं होईपर्यंत.”

लाल दिवा लागला. क्लिफ बोलला. तो आमचा आवाज होता, हेसल रोडचा, जाडाभरडा, बाबांसारखा. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. बायका धक्क्यावर जात नसत, त्या पाठ फिरवून बटाटे सोलत, एवढंच तो म्हणाला.

पेलहॅमने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, “हा आवाज कुणाचा?”

“माझा.”

“इतके दिवस कुठे होता?”

“तुमच्याच धंद्यातल्या लोकांनी काढून घेतला होता.”

पेलहॅमने कपाळ चोळलं. “हे एकच वाक्य असं ठेवलं तर ठिगळ दिसेल. आख्खा माहितीपट या आवाजात करा, नाहीतर जुनं वाक्य राहू दे. ठरवा तुम्ही. पण हा आवाज बाहेर गेला की सरदार आणि लॉर्ड तुमच्याकडे येतील का, ते मला सांगता येणार नाही.”

क्लिफचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची कमाई होती ती. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नकोस,” मी म्हणाले. “मी मासे कापते.”

त्याने सफरचंदाचा अजून एक तुकडा खाल्ला, कागद चाळले आणि पहिलं पान काढलं.

क्लबात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आई टोपी घालून पहिल्या रांगेत, मी शेजारी. क्लिफ पुढे बसायला तयार होईना, तो मागे दाराशी पुरुषांबरोबर बिअरचा ग्लास धरून उभा राहिला. दिवे मालवले. पडद्यावर आमची गोदी आली आणि क्लिफ बोलू लागला.

आईने माझं मनगट घट्ट पकडलं. “आयव्ही, क्लिफ कधी आला?”

“पडद्यावर बोलतोय तो, आई.”

“ते कळतंय. आंधळी आहे मी, बहिरी नाही. आला कधी, ते विचारतेय.”

तिला उत्तर नको होतं बहुतेक. ती ताठ बसून ऐकत राहिली. मग बटाट्यांचं वाक्य आलं. सभागृहातल्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मागे बारवर मात्र ग्लास खणखणत होते, कुणीतरी पुढची बिअर मागत होतं.

आई मागे वळली नाही. बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ग्लास खाली ठेवा. माझा मुलगा बोलतोय.”

आमच्या क्लबात मयताच्या दिवशीही बिअर थांबत नाही. त्या दुपारी ती थांबली. एकेक करत सगळ्यांनी ग्लास टेबलावर ठेवले. मागे दाराशी उभ्या असलेल्या क्लिफनेही आपला ग्लास खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.