शेलूबाजारहून तीस पिल्लं

फुलसिंगने जीप रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वाफेपासून तोंड फिरवत म्हणाला, "उतरा बाप्पा सगळे. इंजिन तापलं. गार होईपर्यंत काही खरं नाई."

मंजू उतरली ती खोका पोटाशी धरूनच. बाकीचे प्रवासी सावली शोधत होते. तिने आधी खोक्याला कान लावला. शेलूबाजारहून निघताना आतून एकसारखा चिवचिवाट येत होता, आता काहीच ऐकू येत नव्हतं. तिने सुतळी सोडली. तीसही पिल्लं पंख सोडून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होती.

"गरमी झाली त्यायले," ती नवऱ्याला म्हणाली. "खोक्यातच ठेवले तर मरतीन. काढा बाहेर."

धनराजने आजूबाजूला पाहिलं. "अवं, इथं रस्त्यावर? लोकं हासतीन."

"हासू द्या."

गेल्या पावसाळ्यात रोग आला आणि आठ दिवसांत त्यांचं खुराडं रिकामं झालं. सासूने, आवडाबाईने, तेव्हाच सांगितलं होतं की या घरात आता कोंबडी नको. मंजूने वाद घातला नाही. तिने खुराडं खरवडलं, चुना मारला, हिवाळाभर त्याला ऊन दिलं, जनावरांच्या दवाखान्यात जाऊन लस कधी टोचायची ते विचारून आली आणि मग म्हणाली, "मी पिल्लं आनतो." आवडाबाई म्हणाली, "आन. पन हे बी गेले, तं पुन्हा नाव काढू नको."

म्हणून आज सकाळी तिने दुकानात एकेक पिल्लू तळहातावर घेतलं होतं. बेंबी सुकली आहे ना, पाय सरळ आहेत ना. हलकेच आडवं करायचं. जे स्वतःहून चटकन उठेल तेच खोक्यात. दुकानदार आधी कुरकुरला, नंतर हाताची घडी घालून पाहत राहिला. धनराजही पाहत राहिला होता. हे ती कुठे शिकली, ते त्याला बारा वर्षांच्या संसारात विचारावंसं वाटलं नव्हतं.

कडूनिंबाच्या सावलीत तिने आपली शाल अंथरली आणि पिल्लं एकमेकांपासून दूर दूर ठेवली. मग फुलसिंगकडे जाऊन त्याचा पाण्याचा डबा उचलला.

"ओ ताई, थे इंजिनचं पानी हाये!"

"तुमच्या इंजिनले थांबता येते, दादा. यायले नाई येत."

फुलसिंग बाजूला सरकला. धम्मरत्न नावाचा एक तरुण वाशिमहून कागदपत्रं घेऊन परतत होता. त्याला तिने फाइलने वारा घालायला बसवलं. "हळू घाला. झुळूक पायजे, वावधन नाई." बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन ती एकेकाची चोच त्यात बुडवू लागली. धनराजला काय करावं कळेना, तेव्हा तिने दुसरं झाकण त्याच्या हातात दिलं.

जीपमधलीच चंपाबाई नावाची म्हातारी न बोलावताच शेजारी येऊन बसली. तिने पदर पसरला. "दे माय, दोन-चार माह्याकडे दे."

"घरी कोन कोन हाये, मावशी?" मंजूने विचारलं.

"कोनी नाई. पोरं पुन्याले हायेत." म्हातारी एका पिल्लाच्या पाठीवर फुंकर घालत होती. "फोन येते त्यायचा."

हळूहळू चोची मिटल्या. एक पिल्लू उठलं, चार पावलं चाललं आणि धम्मरत्नच्या बुटाची नाडी टोचू लागलं. तो मोठ्याने हसला. मग सगळेच हसले, फुलसिंगसुद्धा. धनराजने बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. शालीच्या कडेला अजून डोळे मिटून बसलेल्या एका पिल्लाला ती पुन्हा पाणी पाजत होती. ते उभं राहिलं, तेव्हा कुठे तिने कपाळाचा घाम पुसला.

इंजिन सुरू झालं. धनराजने पिल्लं मोजून खोक्यात ठेवली. एकोणतीस भरली. त्याने पुन्हा मोजली, शाल झटकली, गवतात पाहिलं. तेवढ्यात त्याची नजर चंपाबाईकडे गेली. तिने पदर गोळा करून कमरेला खोचला होता आणि ती उगाचच रस्त्याकडे पाहत होती. पदर आतून हलला.

धनराजने तोंड उघडलं. मंजूचा हात त्याच्या मनगटावर आला.

"बसा जीपमधी," ती म्हणाली.

चंपाबाईचा फाटा आला. जीप थांबली. म्हातारी सावकाश उतरली, मंजूकडे न बघता पिशवी सावरून चालू लागली.

"मावशी, थांबा."

चंपाबाई थांबली, पण वळली नाही. मंजूने खोक्यात हात घालून एक पिल्लू काढलं, तळहातावर धरून निरखलं आणि परत ठेवलं. दुसरं काढलं. तेही उलटसुलट करून पाहिलं. मग जीपमधून वाकून तिने ते म्हातारीपुढे धरलं.

"हे बी घ्या. एकटं पिल्लू जगत नाई. वरडून वरडून जीव देते."

चंपाबाई वळली. तिने ते पिल्लू घेतलं आणि पदरात, पहिल्याजवळ ठेवलं.

"आठ दिवस ऊब द्या लागते," मंजू म्हणाली. "घरी बलप हाये ना?"

"हाये," म्हातारी म्हणाली.

जीप निघाली. धनराजने मागे वळून पाहिलं. चंपाबाई तिथेच उभी होती, मान खाली घालून पदरात बघत.

बराच रस्ता सरल्यावर तो म्हणाला, "मायले काय सांगशीन?"

"थे मी पाहतो."

तिने केसांतली पिन काढली होती आणि खोक्याला आणखी भोकं पाडत होती. खड्ड्यांनी खोका हलत होता, पिन घसरत होती. धनराजने खोका ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्यासाठी घट्ट धरून ठेवला.