गोमाजीची रेकॉर्ड

अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तुळसा माहेरी आली ती डोकं फिरवूनच. फिरणार नाही तर काय? तिचा बाप गोमाजी पवनीच्या आसपास दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं सोंग घेऊन गायचा. नागपूरच्या कोण्या कंपनीनं त्याची एक रेकॉर्ड काढली होती. आता घरात होती तेवढीच एक उरलेली. लुगडं नेसणाऱ्या बापाची तिच्या थोरल्या भावाला, जागेश्वरला, भारी लाज. बाप मेल्यावर ह्या शहाण्यानं ती रेकॉर्ड चुलीवरच्या भाताच्या गंजावर झाकण म्हणून वापरली! वाफेनं तिचा पार पापड झाला.

आणि आता त्याच जागेश्वरला सरपंच व्हायचं होतं. गावाला जुन्या दंडारवाल्यांचा पुळका आला, तसा ह्यालाही बाप आठवला. मंडईत रेकॉर्ड वाजवतो म्हणाला.

तुळसानं भावाच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या आपल्याही आहेत हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मग देवांच्या तसबिरींच्या दोन काचा काढल्या, त्यांच्या मधे रेकॉर्ड ठेवली, कोवळ्या उन्हात जरा ऊब लागू दिली आणि सावलीत आणून वर पाटा-वरवंटा ठेवून निवू दिली. रेकॉर्ड पुष्कळ सरळ झाली. कडेला थोडी लाट राहिलीच. तिनं भावाला बजावलं, नवी सुई लाव, अलगद टेकव, उडाली तर उचल, पण दाबू नको. तो हो हो म्हणाला.

मंडईत सारं गाव जमलं. जागेश्वरनं बापाच्या ग्रामोफोनला चावी दिली. पहिल्याच ओळीला सुई उडाली आणि लोक हसले. जागेश्वरचे कान लाल झाले. त्यानं खिशातलं नाणं काढून सुईच्या डोक्यावर ठेवलं. भोंग्यातून खर्रर्र आवाज आला, तरी ह्यानं वर आणखी एक ठेवलं. तुळसा बायांमधून उठली, सरळ मंचावर चढली आणि तिनं सुई उचलली.

"लोक पाहून राह्यले, तुळसा," तो दातओठ खात म्हणाला.

"पाहू दे. बापाचा गळा कापून राह्यला तू."

सोबत आलेल्या नवऱ्याला ग्रामोफोन उचलायला लावून ती रेकॉर्ड छातीशी धरून माहेरच्या घरी आली. नवी सुई लावली, अलगद टेकवली. लाटेवर सुई डुलली, पण सुटली नाही. बापाचा आवाज आला, पण दुसऱ्या ओळीपासून. पहिली ओळ नाण्यांनी खरवडून नेली होती. लहानपणी ऐकलेली ती ओळ तुळसाला काही केल्या आठवेना. तिच्या जिवाची नुसती आग आग झाली.

जागेश्वर दाराशी येऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा सुई सुरुवातीला ठेवली. खरखर सुरू झाली तशी त्यानं खाली मान घालून ती ओळ म्हटली. चाल तीच, बापाची बायकी मुरकीही तीच. तो थांबला तिथून बापानं उचललं.

तुळसानं गाणं संपू दिलं. मग उठून त्याच्यासमोर गेली.

"तुले येत होतं," ती म्हणाली. "सारंच येत होतं. मंग बाप जित्ता होता तवा काहून नाही म्हटलं?"

घर जागेश्वरचं होतं, तरी तुळसानं त्याच्याच तोंडावर दार लावलं.