खांब तोडायचा नाही

चमचा पुन्हा उजवीकडे गेला — स्टीलचा, दांड्याशी किंचित वाकलेला, वरणाच्या पाण्यानं अर्धा भरलेला — आणि बाबांच्या तोंडाचा उजवा कोपरा तर महिन्यापासून, लकवा मारल्यापासून, बाबांचा राहिलाच नव्हता, तेव्हा पाणी तिथून हनुवटीवर, हनुवटीवरून टॉवेलवर, आणि अनय पुन्हा पुसतोय, पुन्हा भरतोय, पुन्हा उजवीकडे. डावीकडून भरव. दोन शब्दांचं काम होतं. यशोधन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर होते, आणि त्यानं ते सांगितले नाहीत. का नाही, हे त्याचं त्यालाही... छे, कळत होतं, न कळायला काय झालं. महिनाभर रोज तीनदा तो भरवत होता. आणि सात वर्षांनी आज सकाळी येऊन अंथरुणाशी बसलेल्या धाकट्या भावाच्या हातून एक थेंबही सांडू नये, असं काही त्याला वाटत नव्हतं. इतका कोता आहे मी, असं मनात येतंय तोवर प्राची स्वयंपाकघरातून डोकावली आणि दिराला सहज म्हणाली, "भाऊजी, डाव्या बाजूनं द्या. तिकडून गिळता येते त्यांले."

"हौ का वहिनी? मले कोणी सांगितलंच नाही."

अनय खुर्ची फिरवून दुसरीकडे बसला. पुढचा चमचा नीट आत गेला.

कोणी सांगितलंच नाही. साधं वाक्य होतं, त्यात टोमणा नव्हता, तरी यशोधनला ते लागलं. कारण आज त्याला सांगायचं होतं. संध्याकाळच्या गाडीनं अनय बालाघाटहून गोंदियाला जाणार, तिथून पुण्याला, आणि त्याच्या आत सांगायचं होतं की आईच्या शेवटच्या आजारात तुला कळवलं नाही ते बाबांनी नाही, मी. बाबा तर तिसऱ्याच दिवशी म्हणाले होते, "अनयले बोलाव." मी हो म्हणालो. मी फोन केला नाही. तुझा फोन आला तेव्हा साधा ताप आहे म्हणालो, पेपर दे म्हणालो. एवढंच. आंघोळ करताना, लाकडाच्या डेपोत सागवानाच्या ओंडक्यांवर नंबर टाकताना, गाडी चालवताना त्यानं हे इतक्या वेळा घोटलं होतं की त्यातला एक शब्दही आता दुखत नव्हता... आणि सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. वनखात्यात हेडक्लार्क असताना ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं ऑफिस सावरून बसायचं, त्या बाबांपाशी, प्रभाकररावांपाशी, आता एकच आवाज होता, "बा", आणि तो पाण्यालाही तोच, लघवीलाही तोच.

सात वर्षांपूर्वी अनय पोचला होता तो दुपारी, आईला स्मशानात पोचवून सगळे परतल्यावर. अंगणात माणसं होती, आणि त्या सगळ्यांसमोर खांद्यावरची बॅगही न उतरवता त्यानं बाबांना विचारलं, "तुम्ही मले काहून नाही कळवलं?" बाबांनी वर पाहिलं — अनयकडे नाही, यशोधनकडे. तो पाण्याची बादली घेऊन उभा होता. किती वेळ पाहिलं असेल, बादली खाली ठेवायला लागतो तेवढा. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं." बस. तेराव्यानंतर अनय गेला तो गेलाच. दिवाळी नाही, आईचं वर्षश्राद्ध नाही. रविवारी बाबांना फोन तेवढा यायचा, आणि फोन वाजला की यशोधनला नेमकी अंगणातली तुळस आठवायची, तिला पाणी घालायला तो बाहेर जायचा. तुळस पाण्यानं कुजली दोनदा.

त्याचे पेपर होते. पेपर बुडू नये म्हणून. हे काही खोटं नव्हतं... पूर्ण खोटं नव्हतं. त्याच्या आत आणखी एक काही होतं, पण तिकडे यशोधन जात नसे.

आज निघताना अनय पाया पडायला वाकला तर बाबांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, सोडेनात. "बा," म्हणाले. "बा... बा..." आणि पुन्हा तसंच, अनयच्या खांद्यावरून यशोधनकडे पाहिलं. "पाणी पाहिजे त्यांले," यशोधन म्हणाला, आणि पेला आणायला वळला. पाणी ते प्यायले नाहीत.

मोटरसायकलवर मागे बसल्यावर कॉलेजच्या वळणापर्यंत अनय बॅग सावरत राहिला. मग कानाशी ओरडून म्हणाला, "दादा, भैयालालचं व्हिडिओ गेमचं दुकान हाय का रे अजून?"

"हाय. एकच मशीन राह्यली. पोट्टे येत नाहीत, सगळ्यांपाशी मोबाईल."

"चाल ना. टाइम हाय."

पाऊण तास होता. तिथं सांगू, यशोधननं ठरवलं. स्टेशनवर सांगण्यापेक्षा तिथं बरं, उभं राहून, समोर पडद्याकडे पाहत. माणसाच्या तोंडाकडे न पाहता बोलायची तेवढी एकच जागा त्या दोघांना ठाऊक होती.

मशीनवरचं इंग्रजी नाव तर ते लहान असतानाच घासून गेलं होतं. गावात तिला 'दो कातिल' म्हणत. दोन मारेकरी, दोघांनाही एकमेकांचीच सुपारी मिळालेली, बाकी काही कथा नाही. काना — एक डोळा, वाकडा सुरा — हा नेहमी यशोधनचा. आणि दुपट्टेवाली, जी दुपट्ट्यानंच गळा आवळायची, ती अनयची. ज्याला लाथ बसेल ते मोडायचं: सज्जे, काचा, पुलाचे दोर. शेवटची लढाई तीन मजली विहिरीत. शाळेची सहल नुकतीच हट्टा गावची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, पाहून आली होती, तेव्हा पोरांनी पडद्यावरच्या विहिरीलाही 'हट्टा' म्हणायला सुरुवात केली ती कायमची. एकेक मजला फुटत दोघे खाली पडत, आणि तळाशी एकच खांब उरे. तो तोडला की सगळी विहीर समोरच्याच्या डोक्यावर. दुसऱ्या गावांत हाच तर सर्वांत मोठा डाव होता.

बालाघाटात मात्र खांब तोडायचा नाही. भैयालालनं मशीन जुनीच घेतलेली. सगळं एकदम कोसळायला लागलं की तिचा जीव गुदमरे, पडदा गोठून बसे, प्लग काढावा लागे, आणि मग दोघांचंही नाणं गेलं, महिन्याभराच्या जिंकणाऱ्यांची नावंही पुसली गेली. भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: 'खंबा नही तोडना'. तोडणाऱ्याला आठ दिवस बंदी. तेव्हा गावातली सगळी पोरं एक वेगळीच लढाई शिकली — खांबाजवळ उडी नाही, लांब लाथ नाही, आखूड हातानं मारायचं, खांबाला वळसा घालून. दहा वर्षं. एका अख्ख्या गावाचा हात असा बसलेला. आणि मग नागपूरला कॉलेजात असताना यशोधन एका स्पर्धेत उतरला, उपांत्य फेरीपर्यंत गेला, समोरचा पोरगा नेमका खांबाखाली, एक लाथ पुरे होती... आणि हात थांबला. अर्ध्या सेकंदात त्या पोरानं खांब याच्यावर पाडला. मागे कोणीतरी हसून म्हणालं, "अबे, मारलं काहून नाही?" घरी येऊन त्यानं अनयला सांगितलं, समोरचा फार भारी होता.

हेही सांगितलं नव्हतंच, नाही का.

भैयालाल काउंटरमागे मोबाईल पाहत होता. चष्मा वर करून म्हणाला, "अरे, अनय भैया! बाबूजी कैसे हैं अब?" मग उत्तराची वाट न पाहता स्वतःच दोन नाणी मशीनमध्ये टाकून आला. जुन्या गिऱ्हाइकाला पहिला डाव फुकट, ही त्याची रीत होती.

दोघे उभे राहिले. दांड्यावरचा लाल गोळा यशोधनच्या तळहातात बसला तेव्हा त्याला वाटलं होतं तसं काही भरून आलं नाही. घामट होता, बस. पहिला मजला फुटला. आता सांग. काना सज्ज्यावरून पडला, उठला. दुपट्टेवालीनं फास टाकला. दुसरा मजला. अनय, तुला एक... नाही, असं नाही. बाबांनी नव्हतं रे, मी... त्याचा हात सवयीनं आखूड मारत होता, खांबाला वळसा घालत होता, आणि घोटून घोटून गुळगुळीत झालेलं ते वाक्य दातांपर्यंत येऊन परत जात होतं. काना खांबाखाली आला.

आणि अनयनं खांबाला लाथ मारली.

"ए!" यशोधन ओरडला. खरंच ओरडला, मोठ्यानं, पस्तिशी ओलांडलेला माणूस. पडद्यावर दगड सुटले, पायऱ्या ढासळल्या, सगळी बावडी कान्यावर आली, पाणी उसळलं, धूळ खाली बसली... आणि दुपट्टेवालीचं नाव पिवळ्या अक्षरांत शांतपणे चमकू लागलं. मशीन चालूच होती.

"वो तो कब का ठीक हो गया," भैयालाल काउंटरवरून म्हणाला. "लॉकडाउन के पहले नया बोर्ड डलवाया था. पर यहाँ कोई तोडता ही नहीं, तो पता किसको चले?"

अनय हसला नाही. दांडा सोडून त्यानं हात पँटला पुसले आणि पडद्याकडेच पाहत म्हणाला, "दादा, मले माहीत हाय."

"काय?"

"तू नव्हतं कळवलं ते. तेराव्याच्याच दिवशी बाबांनी सांगितलं मले, गच्चीवर नेऊन. म्हणे, त्याच्यावर रागावू नको. तू विचारू बी नको. त्याचं तोच सांगन तुले."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. यशोधनला वाटलं आपण काहीतरी विचारायला हवं, आणि त्यानं विचारलं, "मंग तू आला काहून नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. दर दिवाळीले वाटे, आता दादाचा फोन येईन." अनयचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मी शिक्षा देऊन राह्यलो होतो तुले. भोगली बाबांनी. आज सकाळी पाह्यलं तवा समजलं. सात वर्षं मी आलो नाही, आन् आता ते बोलत नाहीत."

हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आला — सणकून, आणि पहिल्यांदा आला तो अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचाच. म्हणजे सात वर्षं समोरासमोर ताट घेऊन बसायचे, मीठ मागायचे, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचे, आणि आत वाट पाहत असायचे की आज तरी हा बोलेल. यशोधनला वाटत आलं होतं की घर आपण सावरून धरलंय, आपण बोललो तर सगळं बसेल खाली. आणि घर कधीचं बोलून मोकळं झालं होतं! त्यालाच फक्त वळसा घालून सगळे चालत होते, आखूड पावलांनी, त्याला धक्का लागू नये म्हणून.

राग ओसरला तसं त्याखालचं उघडं पडलं. जिकडे तो जात नसे ते.

आईनं तापात त्याला ओळखलंच नव्हतं. "अनय, आला का रे?" ती म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, "आलो, आई." का म्हणाला? ती इतकी हसली म्हणून. मग तीन दिवस तो अनय होता. खरा अनय आला असता तर हा कोण ठरला असता? म्हणून फोन नाही. पेपर-बिपर सगळं नंतरचं. तीन दिवस तिचा हात त्याच्या केसांत होता, कळत्या वयात पहिल्यांदा, आणि शेवटच्या दुपारी तिनं त्याचं डोकं जवळ ओढून कानात सांगितलं, "तुझ्या दादाले एकटं नको टाकू हं. तो मनातलं बोलत नाही. तूच येत जाय."

हा निरोप ज्याचा होता त्याला मिळालाच नाही.

"चाल, गाडी सुटन," अनयनं बॅग खांद्याला लावली.

"अनय... आईनं—"

अनय थांबला. गाडीला वीस मिनिटं होती. पुढचं वाक्य यशोधननं कधी घोटलंच नव्हतं, त्याला सुरुवातही सापडेना. हे ऐकून अनय परत कधीच येणार नाही, किंवा आत्ताच घरी वळेल; काही सांगता येत नव्हतं, आणि आजवर ज्याची भीती वाटत आली ते हेच, असं त्याला वाटलं. पण भीती ती नव्हती. हे सांगितलं की तीन दिवसांचा तो हात त्याच्याकडे उरणार नव्हता. आई गेली ती, तिच्या लेखी, अनयच्या केसांतून हात फिरवत, हे मोठ्यानं म्हणावं लागणार होतं, आणि मग ते खरंच तसं होणार होतं. अनय समोर उभा होता, बॅगेचा पट्टा धरून, लहानपणी नाणं मागायला उभा राहायचा तसा, वाट पाहत... आणि यशोधनला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की आपण इतकी वर्षं घाबरून गप्प नव्हतो. त्याला आईचा तो हात अनयला द्यायचा नव्हता. अजूनही द्यायचा नव्हता.