आसारामचा कोयता

पंचायत समितीच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं, बायकांना ग म भ न पासून शिकवू नका, कंटाळून पळून जातात. प्रत्येकीला तिचा आवडता शब्द विचारा आणि तोच आधी गिरवून घ्या. सांगणारे साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात होते. त्यांच्या स्वतःच्या बायकोचा आवडता शब्द त्यांना ठाऊक असेल, असं मला काही वाटलं नाही.

मी दहावी झालेली सून. सरकारी काम आहे, घराण्याचं नाव होईल, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, दिनकररावांनी, मला साक्षरता वर्ग घ्यायला मोकळं सोडलं. आमचं गाव देवगाव फाट्यावरून आत. दुपारी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात दहा-बारा बायका पाटी घेऊन बसायच्या. निम्म्या शिकायला यायच्या आणि निम्म्या नुसत्या टेकायला.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना शब्द विचारला. कुणी माहेर म्हणालं, कुणी गूळ. दगडाबाई म्हणाली, "निवांत."

"कधी होता का निवांत?" मी विचारलं.

"आजून न्हाई झाले. म्हनून तर आवडतो."

सगळ्या हसल्या. मग खांबाला टेकून, एक पाय लांब करून बसलेली धुरपदाबाई म्हणाली, "माहा शब्द कोयता."

आता तर हसण्याला धरबंद राहिला नाही. कुणी म्हणालं, आसारामला जपून झोपायला सांगा. धुरपदा आसारामची बायको. दरसाल दसरा झाला की दोघं ऊसतोडीला कृष्णाकाठच्या कारखान्यावर जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. त्या वर्षी हंगाम संपता संपता, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. रोजानं जाता येईना, म्हणून वर्गात येऊन बसायची.

हसू ओसरल्यावर तिनं सांगितलं ते असं. तोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. लग्न होऊन सासरी आल्यावर धुरपदाला कुणी नावानं हाक मारली नव्हती. सासूची 'ए' आणि शेजारपाजाऱ्यांची 'आसारामची' यावरच तिचं भागत होतं. पहिल्या वर्षी फाट्यावर ट्रक भरताना मुकादम सूर्यभान ओरडला, "आसारामचा कोयता!" गडी माणसं वर सामान बांधत असतात, म्हणून हजेरीला 'हाय' म्हणायचं ते बायकांनी, अशी टोळीतली रीत. आसारामनं तिला कोपरानं ढोसलं.

"म्या म्हनलं, कोन कोयता? तर हे म्हनले, तू आन् म्या. दोगं मिळून येक." धुरपदा पाटीकडं बघत बोलत होती. "लगनात भटजीनं काय काय म्हनलं, मला कायबी कळलं न्हाई. हे कळलं."

कुणी हसलं नाही. मी फळ्यावर कोयता लिहिलं. धुरपदानं ते आठवडाभरात पाठ केलं, चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, रांजणाच्या पोटावर लिहिलं. मी म्हटलं, आता नाव लिहायला शीक.

"नाव काय करायचंय बाई? मला कोन नावानं बोलावतंय?" मग तिनं विचारलं, "तुमचा शब्द कोनता, कुसुमबाई?"

मी खरं ते सांगितलं. "सरजा."

"ही कोन सरजा?"

"मीच. माहेरी मी सरजा होते."

त्या वर्षांत मराठवाड्यात एका नावावरून रान पेटलेलं होतं. विद्यापीठाचं नामांतर करा म्हणणाऱ्यांच्या वस्त्या अठ्ठ्याहत्तर साली गावोगाव जळाल्या, तरी त्यांनी मागणी सोडली नव्हती, आणि आमचे दिनकरराव अजून पारावर बसून मांडीवर थाप मारून सांगत होते, नाव म्हणजे इज्जत, ते असं कुणाच्या सांगण्यावरून बदलत नसतं. माझ्या लग्नात त्यांच्या चिरंजिवांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'कुसुम' लिहिलं आणि हात फिरवून माझं नाव पुसून टाकलं, तेव्हा हेच दिनकरराव हसत हसत पेढे वाटत होते. हे मी धुरपदाला सांगितलं. ती म्हणाली, "म्या म्हनीन तुमाला सरजाबाई. पर कोनी नसताना."

दसरा जवळ आला तशी आसारामची घालमेल सुरू झाली. बायकोचा पाय धड नाही, ती कामाला चालायची नाही, आणि अर्ध्या कोयत्यावर गेलं तर भागायचं नाही. तोड धुरपदानंच काढली. तिची धाकटी बहीण सगुणा नवऱ्यानं टाकलेली, माहेरी भावजयीची बोलणी खात पडली होती. धुरपदानं तिला बोलावून घेतलं. या एका हंगामापुरती सगुणा कोयत्यात उभी राहील, पुढच्या दसऱ्याला मी आहेच, असं ठरलं. आसाराम म्हणाला, "तुहा पाय बरा झाला की तूच. कोयता तुहाच हाय." हा शब्द तिनं मला येऊन सांगितला. नवऱ्यानं पाटल्या केल्याच्या थाटात सांगितला.

मी म्हटलं, "धुरपदा, तरणी बहीण पाठवायलीस. दुसरी कोणी बघ."

"माही पाठची बहीन हाय ती," ती तोडून बोलली.

त्या हिवाळ्यात ती बाई पायावर जे काही करायची ते बघवत नव्हतं. आधी काठी सोडली. मग रिकामी घागर घेऊन विहिरीची पायरी चढायला लागली, मग अर्धी भरून, मग काठोकाठ. दातांखाली पदर धरायची आणि चढायची. पाटीवर आता जास्त वेळ बसत नव्हती. म्हणायची, "सरजाबाई, ऊस काय पाटी बगून तोडू देत न्हाईत."

उन्हाळ्यात टोळी परत आली. सगुणाच्या गळ्यात काळी पोत होती आणि पदर पोटावरून पुढं ओढलेला होता. गावानं चार दिवस चघळलं आणि सोडून दिलं. आसारामला कुणी जाब विचारला नाही. उलट, एकटीला कोण सांभाळणार होतं, यानं तर उपकारच केले, असं म्हणणारे निघाले. धुरपदाच्या सासूनं दोघी बहिणी एका घरात नांदतात म्हणून कौतुक केलं. मला इतका संताप आला होता की वर्गात माझा खडू दोनदा मोडला.

धुरपदा वर्गात आली. नेहमीच्या खांबाला टेकून बसली. सगळ्या उठून गेल्यावर म्हणाली, "घरात असू दे तिला. लेकरू झालं तर तेबी माहंच हाय. पर कोयत्यात म्या हाय. तसा शब्द हाय त्यांचा."

"आणि त्यानं पाळला नाही तर?"

"सरजाबाई, कोयत्यात तिसरं मानूस बसत न्हाई," ती म्हणाली. तिला वाटत होतं, हा हिशेब तिच्या बाजूचा आहे.

पुढचा दसरा झाला. दिवाळीला माहेरी जायचं म्हणून मी परभणीची एसटी धरायला फाट्यावर उभी होते. चहाच्या टपरीसमोर टोळीचा ट्रक लागला होता. भांडी, पिठाची पोती, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढत होतं. सगुणा ट्रकच्या सावलीत बसली होती, मांडीवर धुडक्यात गुंडाळलेलं महिन्याभराचंही नसेल असं पोर. घरचं सामान बैलगाडीतून आलं होतं, आसाराम आणि सगुणाही गाडीतूनच आली. धुरपदा मात्र गावापासून पायी आली. पाय नीट झालेला सगळ्यांनी बघावा, म्हणून. केस चापून बसवलेले, कमरेला पदर खोचलेला, हातात नवी धार लावलेला कोयता. मला बघून हसली. पायाकडं बोट दाखवून हसली.

सूर्यभान मुकादम ट्रकच्या फाळक्यावर उभा राहिला आणि हजेरी घ्यायला लागला. त्याला कागद लागत नाही, सगळी टोळी तोंडपाठ. एकेक कोयता पुकारायचा आणि खालून बाईचा आवाज यायचा.

"आसारामचा कोयता!"

"हाय!"

दोन आवाज एकदमच आले. एक सावलीतून, एक माझ्या शेजारून. ट्रकवरून हसण्याचा लोट उठला.

"आसाराम," सूर्यभान म्हणाला, "तुहा कोयता येक हाय का दीड?"

आसाराम दोरीची गाठ मारत होता. मारलेली गाठ सोडून त्यानं परत मारली. धुरपदा म्हणाली, "सांगा की वो. शब्द दिलाय तुमी."

"सगुणा हाय कोयत्यात," तो दोरीला म्हणाला. "हिचा पाय चालायचा न्हाई. घरी ऱ्हाय म्हनलं तर ऐकंना."

धुरपदानं कोयता खाली ठेवला, कडेचं ज्वारीचं पोतं दोन बायकांकडून डोक्यावर घेतलं आणि फळीवर चढली. फळी तिच्याखाली वाकत होती. ती न थांबता वर गेली, पोतं टाकलं आणि तशीच ताठ खाली उतरली. घामानं न्हाली होती, पण पाय हलला नाही. आता तरी हा माणूस मान वर करील, असं मला वाटलं.

सगुणा पोराला थोपटत जमिनीकडं बघत होती. आसारामनं मान वर केली खरी, पण मुकादमाकडं. मोठं मन केल्यासारखा म्हणाला, "बरं. यायचं तर येऊ द्या. हिचा अर्धा लावा."

"अर्ध्याचं काय लोनचं घालू?" सूर्यभान वैतागला. मग त्याला सुचलं. "भुजंगाचा अर्धा हायच की. बायको मेल्यापासून एकलाच तोडायलाय. ही अन् भुजंग, दोगांचा मिळून येक करून टाकू."

म्हातारा भुजंग विडी विझवून उगाच उठून उभा राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सूर्यभाननं यात वाईट काहीच म्हटलं नव्हतं. टोळीत असंच चालतं, दोन अर्धे जोडले की एक. कोयत्याचा अर्थ एवढाच होता, आणि सगळ्या टोळीला तो पहिल्यापासून ठाऊक होता. एक धुरपदाच त्या शब्दाला मंगळसूत्रासारखी गळ्यात घालून हिंडली होती. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कोनाशी जोडू नका. अर्धाच ऱ्हाऊ द्या."

"तोडशील तू, पर मोळ्या कोन बांदल?"

"म्याच बांदते."

"बग बाई, तुही मर्जी. अर्धा पुकारायला नाव लागतंय. काय नाव तुहं?"

इतकी वर्षं ही बाई त्याच्या टोळीत राबली आणि तो तिला नाव विचारत होता. आसाराम सांगेल म्हणून त्यानं तिकडं पाहिलं. आसाराम सगुणाला हात देऊन ट्रकवर घेत होता. मग धुरपदानंच सांगितलं.

"धुरपदाबाई, अर्धा!" सूर्यभान सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडला.

"हाय," ती म्हणाली.

खाली ठेवलेला कोयता उचलून ती फळीवरून वर गेली आणि अगदी मागं, कोंबड्यांच्या खुराड्याशी बसली. सगुणाचं पोर रडायला लागलं होतं. ट्रक सुरू झाला तशी मी धुळीतून पुढं झाले. तिनं फाळक्यावरून खाली वाकून, चारचौघांत, पहिल्यांदाच मोठ्यानं हाक मारली.

"नाव घेतलं बगा माहं, सरजाबाई."