कानावरून गेलेलं वारं

लोहाराच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा उजवी बाजू गेली, अर्धी जीभ गेली आणि भट्टी धाकट्या भावाकडे गेली. पहिल्या दोन गोष्टी मेहनतीने परत येतील, असं आरोग्य केंद्रातली व्यायामवाली ताई म्हणाली. तिसरी आपली आपण आणायची, हे लोहाराने मनाशी धरलं.

ताईचा उपाय उलटाच होता. "चांगला हात बांधून ठेवा. तो मोकळा राहिला की आजारी हात ऐतखाऊ होतो."

"म्हणजे आमच्या भाऊजींसारखा," लोहाराची बायको म्हणाली, आणि घरात कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. धाकटाही हसला.

तेव्हापासून रोज सकाळी बायको जुन्या चादरीच्या पट्टीने त्याचा डावा हात छातीशी बांधायची. मग उजव्याने वाटीतले वाटाणे उचलायचे, सदऱ्याचं बटण लावायचं, घास तोंडाशी न्यायचा. निम्मा मांडीवरच सांडायचा. आणि शेवटी छोटा हातोडा. तो उचलला की भट्टीवर यायचं, हा धाकट्याचा शब्द. "दादा, तुझी ऐरण तुझी वाट बघतेय रे."

ऐरण घरात ऐकू यायचीच. घाव एक, नाद लांब. विहिरीत हाक मारावी तसा. त्या नादावर लोहार हात उचलायचा. नाद वर, हात वर. नाद विरला, हात खाली.

मग एका सकाळी नाद तोकडा झाला. ठक्क, आणि संपलं.

"अगं, ऐरण... खोटी बोलतेय."

बायको पट्टीची गाठ मारत होती. खाली बघूनच म्हणाली, "अहो, कानावरूनही थोडं वारं गेलंय तुमच्या. होतं म्हणे असं."

धाकट्याला विचारलं, तर तोही तेच म्हणाला. दोघं सांगतात म्हणजे असेल. हात गेला तेव्हा लोहार रडला नव्हता, कानासाठी रडला. लोखंड तापलं की नाही ते डोळा सांगतो, पण घाव बसला की नाही ते कानच सांगतो. कान नसलेला लोहार म्हणजे नुसता दांडगा माणूस.

तरी एक दिवस हातोडा उठला. थरथरत, पण उठला. बायको बाजाराला गेली होती. अशी बातमी आपल्याच पायांनी न्यावी म्हणून त्याने डावा हात सोडवून काठी धरली, उजव्यात हातोडा घेतला आणि पाय ओढत गल्ली ओलांडली.

दारातूनच निळ्या ठिणग्या दिसल्या. भात्याच्या जागी वेल्डिंगचं यंत्र होतं. ऐरणीच्या लाकडी ठोकळ्यावर आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा पडलेला.

धाकट्याने तोंडावरचा मुखवटा काढला. "दादा... घडीव काम कोण मागतं आता? ऐरण भंगारात दिली."

"मग रोज सकाळी?"

"तुझ्यासाठीच ठोकत होतो. नाद थांबला असता, तर तूही थांबला असतास. वहिनी म्हणाली..." आणि त्याची जीभ अडखळली.

लोहाराने रुळावर हातोडा घातला. ठक्क. तोच तोकडा आवाज. कान ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नेहमीसारखी पट्टी घेऊन आली.

"ऐरण विकलीत, विकलीत," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "धंदा बदलतो. माझे कान का विकलेत?"

"तुम्ही खचला असता हो."

"तोंडाने म्हण. कान बरे होते."

तिचे ओठ हलले. मग आवाज आला. "बरे होते."

त्याने तिच्या हातातून पट्टी घेतली. एक टोक दातात, एक उजव्या बोटांत. निसटलं. पुन्हा धरलं. ती पुढे झाली, तसा त्याने खांदा मागे घेतला. ओबडधोबड का होईना, गाठ बसली.

मग तो हात उचलायला बसला. भट्टीकडून आज काहीच वाजलं नाही, आणि ते त्याला नीट ऐकू आलं.