दोनदा दाबलेले बटण

मित्रांनो, सोनईच्या बाजारतळामागे भीमराजचे गॅरेज आहे. तिथे मागच्या भिंतीला एक फळी ठोकलेली आहे. तिच्यावर ग्रीसचा डबा, फुटका आरसा आणि जुन्या फॅनबेल्टचा गुंता पडलेला असतो. त्या गुंत्यामागे विटेएवढा एक काळा ठोकळा दिसेल. तो मी. मी एक जुना वॉकीटॉकी आहे. इथले लोक मला नुसते 'सेट' म्हणतात. माझी एरियल मधूनच वाकली आहे आणि पोटातले सेल पाझरून हिरवट मीठ साचले आहे. तरीही आठवण शाबूत आहे.

आम्ही जन्मलो ते जोडीने. माझ्यासारखाच दुसरा सेट माझ्याबरोबर त्याच खोक्यात होता. एकाचे बटण दाबून बोलले की दुसऱ्याच्या तोंडून आवाज यायचा. जन्मापासून आमचा धंदा बोलण्याचा, म्हणून मी जरा बडबड्या आहे. ते तुम्ही सांभाळून घ्या.

आमची पहिली नोकरी साखर कारखान्यावर होती. एक सेट वजनकाट्यावर आणि एक उसाच्या गाड्या उभ्या असत त्या मैदानात. 'पुढची गाडी सोडा' हे वाक्य मी एका हंगामात किती वेळा बोललो असेन, त्याला गणती नाही. मला वाटायचे, मी बोललो नाही तर कारखान्याचे चाकच थांबेल. गर्वाचे घर खाली म्हणतात ते उगाच नाही. एका हंगामात नवे छोटे सेट आले आणि आम्हा दोघांना भंगाराच्या खोलीत टाकून दिले.

तिथून आम्हाला बाहेर काढले उत्तमरावांनी. ते कारखान्यावर सुरक्षारक्षक होते. त्याआधी फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर बावीस वर्षे काढलेली. साहेबांना विचारून त्यांनी आम्हाला घरी नेले, उघडून साफ केले, नवे सेल घातले. पहिल्यांदा बटण दाबून ते बोलले, "जय भीम. आवाज येतोय का? ओव्हर." अंगणाच्या टोकाला त्यांचा मुलगा भीमराज दुसरा सेट घेऊन उभा होता. तो हसत म्हणाला, "येतोय बाबा. लई मोठ्यांदा येतोय."

उत्तमरावांची एक सवय इथेच सांगतो, कारण पुढे सगळे तिच्यावरच येऊन थांबणार आहे. कोणी हाक दिली की पोच द्यायचीच, हा त्यांचा फौजेतला नेम. सरहद्दीवर कधी कधी तोंडातून शब्द काढायची बंदी असायची. तेव्हा नुसते बटण दोनदा दाबायचे. पलीकडच्या सेटमधून 'खट्, खट्' असा आवाज निघायचा. त्याचा अर्थ, ऐकले, मी इथे आहे. बावीस वर्षांत त्यांनी एकही हाक पोच दिल्याशिवाय सोडली नव्हती.

भीमराज जीप दुरुस्त करायचा आणि त्याहून चांगली चालवायचा. उन्हाळ्यात ऊस तुटून रान मोकळे झाले की आप्पासाहेब नावाचे एक बागायतदार आपल्या पडीक रानात जीपगाड्यांची शर्यत भरवायचे. मातीचा वाटोळा रस्ता, दहा फेऱ्या, आणि धुरळा एवढा की पुढच्याला मागचा दिसत नाही. आमचा सरकारी परवाना काढून पंच्याण्णव साली उत्तमराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहिले. मी त्यांच्या हातात, माझा जोडीदार भीमराजच्या जीपमध्ये. मग काय विचारता! "गेर टाक. आता दाब. छगन डावीकडनं येतोय, वाट दिऊ नको." दहाच्या दहा फेऱ्या माझे तोंड एकदाही मिटले नाही. भीमराज पहिला आला.

मला वाटले, मीच जिंकलो. पण बक्षीस घेताना भीमराजच्या कानावर एक वाक्य पडले. दुसरा आलेला छगन, घोडेगावच्या रस्त्यावर प्रवाशांची जीप चालवणारा, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "गाडी बापानं चालिवली. पोरगं नुसतं स्टेरिंग धरून बसलं हुतं."

लोक हसले. भीमराजने बक्षिसाची ढाल घरी आणली, पण भिंतीला लावली नाही. त्याची आई भीमाबाई दोनदा म्हणाली, दोनदा तो "बघू" म्हणाला. ढाल पोत्यात गुंडाळून ठेवली गेली. आम्ही खुंटीला टांगलेलो होतो, सगळे बघत होतो. मला फार वाईट वाटले. माझ्याच बडबडीने त्या पोराचे नाव पुसले गेले होते.

पुढच्या वर्षी शर्यतीच्या ठिकाणी पुठ्ठ्यावर नवा नियम लिहून लावला. गाडी सुटल्यापासून थांबेपर्यंत चालकाला सेटवरून काहीही कळवायचे नाही. आग, अपघात, किंवा रस्त्यात माणूस वा जनावर आले, तरच बोलायचे. चालकाने बोललेले चालेल, कारण त्याला लागले-खुपले तर सांगता आले पाहिजे. पण त्याला उत्तर द्यायचे नाही. नियम मोडला तर वेळेत अर्धे मिनिट वाढवले जाईल.

छगनचे एवढ्याने समाधान झाले नाही. "सेटपाशी एक मानूस बशिवा," तो म्हणाला. "कोन बोललं, कोन न्हाई, कसं कळायचं?"

आप्पासाहेबांची शेती शिंगणापूरच्या शिवेला लागून, जिथे शनीच्या भरवशावर घरांना दारेच नसतात. ते म्हणाले, "छगनराव, आमच्या घराला कवाड न्हाई. पिढ्या गेल्या, आमी राखन बशिवली न्हाई. मंग ह्या डबड्याला कशापायी बशिवू? ज्याचा सेट त्याच्यापाशी."

डबडे म्हटल्याचा मला राग आला, खोटे कशाला बोलू. पण उत्तमरावांनी मान डोलावली. भीमराज तर पुठ्ठ्यासमोर उभा राहून दोनदा वाचत होता. वर्षभरात मी त्याला इतके खूश पाहिले नव्हते. "बाबा," तो म्हणाला, "ह्या टायमाला मला कायबी सांगू नका. मेलो तरी सांगू नका."

"मेल्यावर सांगून काय करू?" उत्तमराव म्हणाले.

गाड्या सुटल्या. उत्तमराव ट्रॉलीवर, मी त्यांच्या मुठीत. सहा फेऱ्या मी एक शब्द बोललो नाही. मित्रांनो, बडबड्या माणसाला लग्नाच्या पंगतीत तोंड बांधून बसवल्यासारखी माझी गत झाली होती. छगन पुढे, भीमराज त्याच्या मागोमाग. छगनच्या चाकांनी उडणारा धुरळा आणि उसाचे वाळके पाचट सरळ भीमराजच्या जीपच्या तोंडावर येत होते. रेडिएटरच्या जाळीवर पाचटाचा थर बसत चाललेला वरून स्पष्ट दिसत होता. जीपमध्ये बसलेल्याला तो दिसणे शक्य नव्हते.

सातव्या फेरीला माझ्या तोंडून भीमराजचा आवाज आला. "बाबा, पानी तापलंय. काटा लालवर गेलाय. थांबू का तसंच दामटू? ओव्हर."

उत्तर सोपे होते. थांब, खाली उतर, जाळीवरचे पाचट ओढून काढ. सहा-सात शब्दांचे काम. मी तयारच होतो. उत्तमरावांचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच थबकला. त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता, तो माझ्या अंगाला लागत होता. आसपास कोणी नव्हते. आप्पासाहेब वेळ टिपत बसले होते ते टेबल दूर होते आणि धुरळ्यात कोणाला काही दिसत नव्हते.

"बाबा, ऐकताय न्हवं? ओव्हर."

पोराची हाक दुसऱ्यांदा आली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शब्द आला नाही. पण अंगठ्याला बावीस वर्षांची सवय होती. खट्. खट्.

बटण सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काही केले होते.

पलीकडे भीमराजने जीप वळणाच्या आत, मोकळ्या जागेत उभी केली. उडी मारून पुढे गेला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. त्याने वाकून पाहिले आणि दोन्ही हातांनी पाचट ओरबाडून काढले. हात भाजले असतील. तीन गाड्या पुढे निघून गेल्या. मग तो परत चढला. आता तो दुसऱ्याच्या धुरळ्यात राहीना, थोडा बाजूने, स्वच्छ हवेतून गाडी काढू लागला. नवव्या फेरीपर्यंत त्या तिघांना त्याने मागे टाकले. छगनच्या जीपमधून तोवर वाफा निघायला लागल्या होत्या. दहाव्या फेरीत भीमराज त्याच्याही पुढे गेला आणि वीस सेकंद आधी पोहोचला.

लोकांनी त्याला उचलून घेतले. उत्तमराव ट्रॉलीवरून उतरले, पण मुलाकडे गेले नाहीत. सरळ टेबलापाशी गेले आणि मला टेबलावर ठेवले.

"सातव्या फेरीला मी बटन दोनदा दाबलं," ते म्हणाले.

आप्पासाहेबांनी विचारले, "काय बोल्लात?"

"बोललो न्हाई. पन ऐकलं म्हनून कळिवलं."

"आवो, कुनाला पत्ता न्हाई. कशाला सांगताय?"

"तुमी दाराला कवाड लावलं न्हाई, म्हनून सांगतोय."

छगन तिथेच उभा होता. चेहरा धुरळ्याने माखलेला. तो म्हणाला, "नुसतं बटन दाबलं म्हंजी बोलनं झालं व्हय?"

"फौजेत व्हतं," उत्तमराव म्हणाले.

अर्धे मिनिट वाढले. भीमराज दहा सेकंदांनी दुसरा झाला. ढाल छगनला मिळाली. ती हातात घेतल्यावर छगनने भीमराजकडे बोट दाखवले आणि मागच्या वर्षीइतक्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "आज गाडी त्या पोरानंच चालिवली. मी सोताच्या डोळ्यांनी बघितली."

तरी भीमराजचा राग गेला नाही. आणि का जावा? जिंकला तो आपल्या अकलेने आणि हरला बापाच्या अंगठ्याने. पाच दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही. भीमाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नियम रानात हुता. हितं तोंडं कशापायी शिवली?" दोघेही खाली बघून जेवले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी उत्तमराव अंगणात खाटेवर मला पुसत बसले होते. भीमराज गॅरेजात होता. जोडीदार त्याच्या जीपमध्येच राहिला होता. अचानक माझ्या तोंडून आवाज आला. खट्. खट्.

उत्तमरावांच्या हातातले फडके खाली पडले. त्यांनी अंगठा टेकवला. खट्. खट्.

मग भीमराजचा आवाज आला. "बाबा, हाताचं फोड अजून गेलं न्हाईत. आईला म्हनावं तूप काढून ठिव. ओव्हर."

माझ्या आयुष्यात मी हजारो वाक्ये बोललो, पण त्याच्याइतके गोड वाक्य दुसरे नाही. त्याच रात्री पोत्यातली पहिली ढाल बाहेर आली आणि भिंतीला लागली.

त्यानंतर उत्तमराव शर्यतीला आले, पण रिकाम्या हाताने, इतरांसारखे बांधावर बसायला. माझे काम संपले. एका पावसाळ्यात जोडीदार जीपमधून पडून फुटला आणि मला या फळीवर ठेवले गेले. पोटातले सेल काढायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. चार वर्षे झाली. आता बटण दाबले तरी मला ऐकणारा कोणी उरलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात बंद पडलेली बॅटरी असेल, रेडिओ असेल, तर त्याचे सेल आधी काढून ठेवा. एवढी दया करा, म्हणजे माझ्यासारखे आतून सडणे त्याच्या वाट्याला येणार नाही. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमचे कोणी गाडीवर बसेल, नाही तर आयुष्यात पहिल्यांदा एकटे निघेल. तुम्हाला वरून सगळे दिसत असेल आणि जीभ वळवळत असेल. तेव्हा अंगठा आवरा. आवरला नाहीच, तर कोणी पाहिले नसले तरी टेबलापाशी जा आणि सांगा.