बावीस हात

नखाएवढ्या ढलपीत मी रंगाचे एकतीस थर मोजले. तळाचे नऊ चुन्याचे, ठिसूळ. वरचे बावीस प्लास्टिक रंगाचे, रबरासारखे चिवट.

म्युरिएल मावशीचं गेस्टहाउस १८८८ सालचं, समुद्रासमोरच्या रांगेतलं. बाहेर झेपावलेली दुमजली अर्धगोल खिडकी ही त्याची ओळख. तिच्यावरच्या लाकडी तुळईत एकोणतीस टक्के पाणी निघालं होतं. इंजिनिअरने बजावलं होतं, सप्टेंबरअखेर वीसच्या खाली आणा, नाहीतर खिडकी पाडावी लागेल.

"आणि तू म्हणतेस, ती आम्हीच भिजवली?" मावशी म्हणाली.

"पाऊस भेगांतून आत शिरतो. चुन्यातून तो पुन्हा उडून जायचा, या रंगातून जात नाही. भिंतीला रेनकोट घातलाय आणि ती आत घामेजलीय."

ईस्टरला आठवडा उरला होता. आमच्या रांगेत ईस्टरपूर्वी घर रंगवलं नाही, की याचा धंदा बसला असं लोक धरून चालतात. ओल दिसली की रंगाचा आणखी एक हात. यंदाच्या रंगाचे डबेही दाराशी येऊन पडले होते. मावशीने ते पायाने बाजूला सारले.

"खरवडणी दे इकडे," ती म्हणाली.

शेजारच्या गेस्टहाउसचे डेस्मंड क्लेग आपल्या शिडीवरून ओरडले, "काय म्युरिएल, घर उघडं करून गिऱ्हाईक खेचणार वाटतं?"

"तुमच्याला दरवर्षी नवा झगा लागतो, डेस्मंड. आमचं तसंच देखणं आहे!"

देखणं अजिबात नव्हतं. करड्या, ठिगळलेल्या भिंती बघून दोन कुटुंबं दारातूनच वळली आणि क्लेगांकडे उतरली. मावशी सकाळी पाहुण्यांना अंडी-बेकन वाढायची, बशा धुवायची आणि परांचीवर चढायची. मी वाफेने रंग सैल करायचे, ती खरवडायची. जूनमध्ये आम्ही भेगा चुन्याने बुजवल्या आणि वर चुन्याचेच पातळ हात दिले.

जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला. भिंत काळवंडली.

"एकच हात मारूया का गं? पातळसा?"

"नाही, मावशी."

"बरं. मी विचारलंच नाही असं समज."

डबे तिने त्याच दुपारी क्लेगांना देऊन टाकले.

अठ्ठावीस सप्टेंबरला इंजिनिअरने ओल मोजणाऱ्या मापकाच्या सुया तुळईत तीन ठिकाणी रोवल्या. डावीकडे अठरा टक्के. मधे साडेसतरा. उजवीकडे एकोणीस.